छोट्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या खपातील चढउतार

दोन आसनांची, वजनाने हलकी, बहुधा उघडता येणाऱ्या छपराची आणि माफक ताकदीच्या इंजिनाची मोटार म्हणजे छोटी स्पोर्ट्‌स मोटार. कुटुंबाची गरज म्हणून ती क्वचितच कोणी घेतो. बहुतेक खरेदीदारांच्या दारात दुसरी गाडी आधीच उभी असते. त्यामुळे नोकरीची शाश्वती डळमळली, व्याजदर वाढले किंवा विम्याचा हप्ता चढला की सर्वप्रथम लांबणीवर पडते ती हीच खरेदी. मात्र केवळ तेजी-मंदीवरून या मोटारींच्या खपाचा उलगडा होत नाही. ग्राहकांच्या आवडीइतकाच, किंबहुना अधिक परिणाम चलनाचे दर, सरकारी नियम आणि बाजारात आलेल्या मॉडेलचे वय यांनी घडवला आहे.

ब्रिटन हे या मोटारींचे माहेर. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकेस गेला. एकाच बाजारपेठेवरील ही भिस्त पुढे नडली. अमेरिकेने धडकेसंबंधीचे नियम कडक केल्यावर १९७४ च्या अखेरीस एमजीबीला जाड काळे रबरी बंपर बसवावे लागले. बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून संपूर्ण गाडीच जमिनीपासून अधिक वर उचलण्यात आली आणि वळणावरचा तिचा तोल बिघडला. प्रदूषणविषयक नियमांमुळे अमेरिकी आवृत्तीच्या इंजिनाची ताकदही घटली. उघड्या गाड्यांवर अमेरिकेत बंदी येणार, अशा धास्तीने ट्रायम्फने १९७५ मध्ये आपली टीआर-७ बंद छपराची आणली. ती बंदी कधी आलीच नाही.

शेवटचा घाव चलनाने घातला. १९७६ च्या हिवाळ्यापूर्वी १.६० डॉलरच्या आसपास असलेला पौंड १९८० मध्ये २.४० डॉलरच्या घरात पोहोचला. अमेरिकेत गाडी पूर्वीच्याच डॉलर किमतीला विकायची, तर कंपनीच्या हाती पडणारे पौंड एक-तृतीयांशाने कमी होत होते. ब्रिटिश लेलँडने सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. निषेध झाला, लंडनमध्ये मोर्चाही निघाला. तरी ऑक्टोबर १९८० मध्ये उत्पादन थांबलेच. या साऱ्यात गाडीवर प्रेम करणाऱ्यांची संख्या मात्र संपली नव्हती.

ती संपली नसल्याचे जपानने सिद्ध केले. त्याच १९७९ साली अमेरिकी मोटार पत्रकार बॉब हॉल यांनी हिरोशिमातील माझदा कंपनीचे केनइची यामामोतो यांना जुन्या ब्रिटिश धाटणीची साधी, हलकी उघडी गाडी तयार करण्याचे सुचवले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती एमएक्स-५ मियाटा या नावाने अवतरली. किंमत चौदा हजार डॉलरच्या आत होती. मागणी इतकी की अनेक विक्रेते छापील किमतीपेक्षा जादा रक्कम घेत होते. १९९० मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ हजार गाड्या खपल्या. पुढील सहा वर्षांत हा वार्षिक आकडा जवळपास निम्म्यावर आला, आणि तेही गाडीत कोणताही दोष निघालेला नसताना.

या घसरणीचे मूळ मागणीच्या स्वरूपातच आहे. रोजच्या वापराच्या मोटारीची मागणी दरवर्षी नव्याने निर्माण होते. छोट्या स्पोर्ट्‌स मोटारीचे चाहते मात्र वर्षानुवर्षे वाट पाहत साचलेले असतात आणि पहिल्या दोन वर्षांतच खरेदी उरकतात. शिवाय ही गाडी रोज रस्त्यावर धावत नाही. हिवाळ्यात ती झाकून ठेवली जाते, म्हणून पाच-सात वर्षांनीही सुस्थितीत राहते व निम्म्या किमतीत मिळते. नव्या गाडीची खरी स्पर्धक तिचीच थोरली बहीण असते. नवी पिढी आली की लाट पुन्हा उसळते, पण आधीच्या उंचीवर जात नाही. एमएक्स-५ चा अमेरिकेतील खप २०१४ मध्ये पाच हजारांखाली होता. चौथी पिढी आल्यानंतर २०१७ मध्ये तो अकरा हजारांवर गेला आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा खाली आला.

एकाचे यश पाहून इतर उत्पादक त्याच छोट्या तळ्यात उतरतात, हे आणखी एक कारण. १९९५-९६ च्या सुमारास बीएमडब्ल्यू झेड-३, मर्सिडीज एसएलके, पोर्श बॉक्स्टर आणि एमजीएफ या गाड्या पाठोपाठ आल्या. मंदी आली की हीच मॉडेल्स आधी कापली जातात. २००९ मध्ये जनरल मोटर्सच्या दिवाळखोरीबरोबर पाँटियाक सॉल्स्टिस संपली. होंडा एस-२००० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले.

एमएक्स-५ चे दहा लाखांचे उत्पादन एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ३७ हजार. भारतातील एखादी लोकप्रिय हॅचबॅक हा पल्ला दोन-तीन महिन्यांत गाठते. इतक्या अल्प संख्येवर नव्या रचनेचा खर्च वसूल होत नाही, म्हणून टोयोटा व सुबारू यांनी एकत्र गाडी घडवली, तर फियाटने आपली १२४ स्पायडर हिरोशिमात माझदाकडूनच बनवून घेतली. नियमांचा फटकाही येथे अधिक बसतो: युरोपीय संघात जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमांपायी टोयोटाला जीआर-८६ तेथून मागे घ्यावी लागली.

भारतात हा वर्ग रुजलाच नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी अल्पसंख्येतच राहिली. करातील ‘छोटी मोटार’ ही व्याख्याही येथे आड येते. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यावरील मोटारींना ४० टक्के. एमएक्स-५ लांबीने चार मीटरच्या आत बसते, परंतु इंजिन दीड व दोन लिटरचे असल्याने ती भारतात आली तरी वरच्या टप्प्यातच पडेल. आयात शुल्क वेगळेच. २०२५ मध्ये एमजीचे नाव असलेली सायबर्स्टर ही विजेवरील दोन आसनी गाडी भारतात दाखल झाली. तिची किंमत सुमारे ७५ लाख रुपये असून वजन दोन टनांच्या आसपास, म्हणजे ॲबिंग्डनच्या एमजीबीच्या जवळपास दुप्पट आहे.