थंडीचा दोष नाही

2018 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी 193 देशांचा हिशेब मांडला. जिथं थंडी जास्त आणि ऊन कमी, तिथं पिणं जास्त, लिव्हरचं दुखणंही जास्त. तिकडच्या बर्फात ते खरं असेल. पण आमच्या तळोदा-शहाद्याकडे वैशाखात पत्र्याला हात लावता येत नाही, तरी आमच्या भिलाटीत पन्नाशीच्या आत पोटात पाणी होऊन गेलेले गडी मोजायला बोटं पुरत नाहीत.

आम्ही भील काही पूर्वी कोरडे नव्हतो. फागण-चैतात मोह पडायचा. फुलं वाळवून ठेवायची, टंचाईत तीच खायची, थोडी गाळायची. देवाला धार टाकल्याशिवाय कुणी पेला उचलत नसे. सण झाला की मडकं पालथं. लिव्हरला सवड मिळायची.

मग इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणला. घरी गाळणं गुन्हा झालं, दारू ठेकेदाराच्या दुकानात गेली. मोहाला हंगाम असतो, दुकानाला नसतो. बारा महिने मिळू लागली, तीही उधारीवर. उधारीपोटी कुणाकुणाचं शेत गेलं, ते आजोबा बांधावर उभं राहून दाखवायचे.

याच उन्हात दारू एकदा सुटलीही. आमच्या तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज म्हणाले, दारू सोडा, अंघोळ करा, एकमेकांना 'आप' म्हणा. आरतीला माणूस मावत नसे. 1938 साली ते वारले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. आजोबांनी तिथंच सोडली ती सोडलीच. ज्याला कालपर्यंत 'अरे भिलड्या' म्हणत, त्याला कुणी 'आप' म्हणतं, याची नशा वेगळीच असणार!

दुसऱ्यांदा मी डोळ्यांनी पाहिलं. 1972 च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराज त्यात होते. मजुरीसाठी निघालेल्या बाया पुढे दारूच्या अड्ड्यांवर गेल्या, माठ फोडले, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. आमच्या गावात माझी आई पुढे होती. आंबलेल्या मोहाचा वास दोन दिवस गल्लीत होता. नंतर काही वर्षं गावात भट्टी पेटली नाही.

परत आली ती उसाबरोबर. मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर, नाहीतर मळीच्या स्पिरिटची देशी. हाती रोख मजुरी, दिवसभर कोयता, संध्याकाळी अंग ठणकतं. रोजच्या रोज पडली की लिव्हरवर आधी चरबी चढते, मग व्रण, मग ते कडक होतं. पाय सुजले, डोळे पिवळे झाले तेव्हा कळतं. त्यात पोटाला धड अन्न नाही.

माझा चुलतभाऊ सुरतेकडे ऊसतोडीला जायचा. गुजरातेत 1960 पासून बंदी, पण पडावावर सांजेला पोटली यायची आणि मुकादम तिचे पैसे खात्यावर मांडायचा. गेला तेव्हा तो 41 वर्षांचा होता. उचल फिटायची राहिली होती. ती वहिनीनं पुढच्या दोन हंगामांत फेडली.