पंधरातले आठ रुपये

एक हिशोब सांगतो. महिन्याचा पगार १५ रुपये. त्यातले ८ रुपये परगावी शिकणाऱ्या धाकट्या भावाला. उरलेल्या ७ रुपयांत घर चालवायचं. मी हे एक्सेलमध्ये मांडून बघितलं (सवयीचा परिणाम, दुसरं काय!). नुसतं बघूनच दडपण येतं.

पगार गोविंदरावांचा आणि धाकटा भाऊ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. जन्म १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोतळूक. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरल्या गोविंदरावांचंही शिक्षण चालूच होतं. ते त्यांनी सोडलं आणि नोकरी धरली. गोपाळ कोल्हापुरात हाताने स्वयंपाक करून शिकला. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका मित्राने त्याला नाटकाला नेलं आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते मुकाट्याने दिले, आणि दिव्याच्या तेलात काटकसर करण्यासाठी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. १८८४ ला तो बी. ए. झाला.

आता थेट २६ मार्च १९०२. कलकत्ता, व्हाइसरॉयचं कौन्सिल. सरकार अंदाजपत्रकातली शिल्लक अभिमानाने दाखवतंय. पस्तिशीतला गोखले उठतो आणि म्हणतो की ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे. मुद्दा मिठाचा. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. ही आठ आण्यांची वाढ ज्याला जाणवते तो माणूस त्या सभागृहात बसत नाही, हे गोखल्यांना पक्कं माहीत होतं. पुढे १९०३ साली कर २ रुपयांवर आला, १९०५ ला दीड आणि १९०७ ला १ रुपया. श्रेय एकट्याचं नाही, पण दरवर्षी त्याच जागी बोट ठेवणारा माणूस हाच.

दोन आण्यांसाठी तेल वाचवणारा मुलगा मोठेपणी मिठाच्या आठ आण्यांवर बोलतो. इथपर्यंत आलं की आपल्याकडचे वडीलधारे लगेच म्हणणार, "बघा, हालअपेष्टांनी माणूस घडतो!" लहानपणी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. आमच्याकडेही रोज रात्री बाबांना पैशांचा हिशोब दाखवावा लागायचा. रुपया कमी भरला तर जेवण उशिरा.

पण मला ते वाक्य पटत नाही. कारण हालअपेष्टा तर गोविंदरावांच्याही वाट्याला आल्या होत्या. तेच घर, तोच मृत्यू, तीच गरिबी. एकाचं नाव रस्त्यांना आणि संस्थांना, दुसऱ्याचं चरित्राच्या पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदापुरतं. फरक गरिबीने केला नाही, त्या ८ रुपयांनी केला. गोखले घडले ते कुणीतरी आपला वाटा सोडला म्हणून. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदांच्या प्रतिज्ञेत स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही असं कलम होतं. आपण कुणाच्या तरी पैशांवर उभे आहोत हे ज्याला लहानपणीच कळलं, त्याला ते सुचलं असावं. हा अर्थात माझा अंदाज.

हे सगळं वाचताना ताई आठवत राहिली. तिला बी. एस्सी. करायचं होतं. बारावीनंतर ती एका दुकानात हिशोब लिहायला लागली आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचा पहिला हप्ता तिच्या पगारातून गेला. मी मात्र इतकी वर्षं माझ्या शिस्तीचं श्रेय बाबांच्या त्या वहीला देत आलो.

काल रात्री ताईला फोन केला आणि कसंबसं हे बोललो. ती म्हणाली, "अरे, आत्ता काय त्याचं? तू जेवलास का?"

जेवलो नव्हतो. असो.