शंभर सेकंद आणि शंभर वर्षं : राजर्षी शाहू महाराजांच्या शोकाची गोष्ट

  

आज 6 मे. 1922 साली याच तारखेला मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये राजर्षी शाहू महाराजांचं निधन झालं. वय पुरतं अठ्ठेचाळीसही नव्हतं. पार्थिव कोल्हापूरला आणलं आणि पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. महाराजांचं चरित्र आपण बऱ्याचदा ऐकतो. आज आपण पाहणार आहोत तो त्यांच्या मागे लोकांनी केलेला शोक. तो कोणी केला, कसा केला, आणि शंभर वर्षांनंतरही तो संपला का नाही?

सुरुवात आपल्या शहरापासून करू. आपण राहतो ते शहर राजघराण्याच्या शोकासाठी जगभर ओळखलं जातं. बीबी का मकबरा म्हणजे काय? शहजादा आझमशहाने आपल्या आईच्या, दिलरस बानू बेगमच्या कबरीवर उभी केलेली वास्तू. अताउल्ला आणि हंसपतराय ही कारागिरांची नावं दरवाजावरच्या लेखात आहेत. खर्च सहा लाख अडुसष्ट हजारांच्या वर झाल्याची नोंद सांगतात. मुलाचं दुःख खरं असेल, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ते दरबाराचं दुःख होतं आणि खजिन्यातल्या पैशानं बांधलं गेलं. त्या काळच्या शेतकऱ्याला, विणकराला बेगमसाहेबांबद्दल काय वाटत होतं, हे त्या संगमरवराला विचारून कळत नाही.

राजा गेला की संस्थानात कचेऱ्या बंद, बाजार बंद, नगारा बंद. हा झाला हुकमाचा शोक. तो खरा की खोटा हे त्या दिवशी ओळखता येत नाही. ते कळतं पुढे, हुकूम देणारं कोणी उरत नाही तेव्हा. शाहू महाराजांच्या बाबतीत ही परीक्षा आपल्याला नीट करता येते, कारण संस्थान विलीन झालं, दरबार गेला, तरी आठवण राहिली.

यातला पहिला माणूस गंगाराम कांबळे. गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे रडत उभे राहिले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी तिथे थांबवायचे, चहा मागवायचे, आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार!

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. महाराज गेल्यानंतर काही वर्षांतच कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. ते गंगाराम कांबळे यांनी आपल्या समाजबांधवांना बरोबर घेऊन उभारलं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याने छत्रपतींचं स्मारक बांधलं! आकाराने ते मकबऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण त्या काळात राजाचं स्मारक बांधण्याचा हक्क कोणाचा? घराण्याचा, सरदारांचा, फार तर सरकारचा. इथे तो हक्क एका चहावाल्यानं घेतला. शोक करण्याचाही अधिकार असतो, मंडळी, आणि तो सगळ्यांना मिळत नाही.

हे अचानक झालं नव्हतं. मार्च 1920 मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि महाराज स्वतः हजर होते. महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठराव त्या परिषदेने केला. पुढे दोनच वर्षांत महाराज गेले तेव्हा बाबासाहेब लंडनला शिकत होते. तिथून त्यांनी राजाराम महाराजांना शोकाचं पत्र पाठवलं. म्हणजे आठवण कशी ठेवायची याचा विचार लोकांनी महाराज हयात असतानाच सुरू केला होता.

आता जरा उलट बाजूने पाहू. शाहू महाराज स्वतः शोक कसा करत असत? जून 1918 मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात गेले. मागे राहिल्या अवघ्या अकरा वर्षांच्या पत्नी, इंदुमती. त्या काळच्या राजघराण्यातली बालविधवा, म्हणजे पुढचं सगळं आयुष्य पडद्यामागे. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून सुनेला शिकवायचं ठरवलं. सोनतळीला त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला शिकणाऱ्या इतर मुली ठेवल्या. इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या तेव्हा महाराज हयात नव्हते. मुलाच्या मृत्यूनंतर बापाने उचललेलं हे पाऊल आहे. दुःख झालं की त्यातून कोणाची तरी शाळा सुरू करायची, असाच महाराजांचा स्वभाव होता असं आम्हाला वाटतं.

आणि लोकांनी नेमकं हेच उचललं. महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, सोनार, कितीतरी. 1902 च्या जुलैमध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लागू झाला. कोणी विचारेल, जातवार वसतिगृहं कशाला? प्रश्न रास्त आहे. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात कोणी खोली देत नव्हतं, ताट तर दूरच. आधी पोरगं शहरात टिकलं पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार होता.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला एक विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग सुरू केलं. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. बघा, महाराजांनी वेगवेगळी वसतिगृहं काढली आणि त्यांच्या नावाच्या वसतिगृहात सगळी मुलं एकाच पंगतीला बसली. शिष्याने गुरूचं काम पुढे नेलं आणि नाव मात्र गुरूचं दिलं. आमच्या मते हे महाराजांचं सगळ्यात मोठं स्मारक. त्यात रोज स्वयंपाक होत होता.

आता एकदम 2022 मध्ये येऊ. स्मृतिशताब्दीचं वर्ष. कोल्हापुरात कृतज्ञता पर्व साजरं झालं, आणि 6 मे रोजी सकाळी ठीक 10 वाजता अख्खं शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं. गाड्या थांबल्या, रस्त्यावरची माणसं उभी राहिली. शंभर वर्षांना शंभर सेकंद. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस त्या गर्दीत असणं जवळजवळ अशक्यच. तरी लोक थांबले. हा शोक म्हणावा का? रूढ अर्थाने नाही. दुःख पहिल्या पिढीचं असतं, पुढच्या पिढ्यांकडे येतं ते देणं. ‘कृतज्ञता’ हा शब्द म्हणूनच योग्य वाटतो.

पण देणं शंभर सेकंदांत फिटत नाही, आणि इथे आम्हाला पुन्हा गारखेड्यात यावं लागतं. 1922 साली हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. महाराजांचा एकही हुकूम इथे लागू नव्हता. तरी आज त्यांचं नाव इथल्या पोरांच्या रोजच्या व्यवहारात आहे. राज्याच्या एका शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. सूतगिरणी चौकाकडे गेलात तर भाड्याच्या खोलीत चौघं-चौघं राहणारी, मेसचा डबा लावलेली जालना, बीड, परभणीकडची मुलं भेटतील. त्यांना महाराज पहिल्यांदा भेटतात ते पुतळ्यात नाही, फॉर्ममध्ये.

26 जूनला, महाराजांच्या जयंतीला, आपण सामाजिक न्याय दिन पाळतो. मिरवणूक निघते, हार घातले जातात, भाषणं होतात, आम्हीही त्यातलेच! मिरवणुकीला आमचा विरोध नाही. माणगावच्या लोकांनी सणच मागितला होता. फक्त त्या सणाच्या दिवशी आपण दोन प्रश्न विचारावेत. गावाकडून आलेल्या मुलीला आपल्या गल्लीत जात न विचारता खोली मिळते का? आणि शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष संपायच्या आत हातात पडतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर महाराजांचं काम अजून बाकी आहे, आणि त्यांची आठवण काढण्याचं कारणही.

मकबरा पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. जरूर न्यावं, देखणी वास्तू आहे. पण शाहू महाराजांचं स्मारक दाखवायचं झालं तर पाहुण्याला एखाद्या वसतिगृहाच्या जेवणघरात संध्याकाळी आठ वाजता न्यावं लागेल.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा. या परिसरात स्वतःच्या घरातली खोली विद्यार्थ्यांना देणारे कोणी इथे बसले असतील, तर त्यांनी आधी बोलावं.