प्रमेयांची टांकसाळ

केंब्रिज विद्यापीठांत १९५६ सालीं रॉबिन मिल्नर यांनीं एड्सॅक नांवाच्या संगणकावर आज्ञावली रचण्याचें थोडेसें शिक्षण घेतलें. तें काम त्यांना इतकें ओबडधोबड वाटलें कीं, या यंत्राच्या वाटेस पुन्हां जावयाचें नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. पुढें लंडनच्या एका शाळेंत त्यांनीं गणित शिकविलें आणि १९६० सालीं फेरान्टी कंपनींत नोकरी धरली. कंपनी संगणक विकणारी. तेव्हां निश्चय तेथेंच मोडला. पीएच्. डी. मात्र त्यांनीं कधींच केली नाहीं. तरीहि ते एडिंबरो व केंब्रिज येथें प्राध्यापक झाले, हें पदव्यांची मोजदाद करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्यांच्यापुढील प्रश्न असा होता. आज्ञावली दहा वेळां चालविली व दहाहि वेळां उत्तर बरोबर आलें, म्हणून अकराव्या वेळीं तें येईलच असें नाहीं. भूमितींत शंभर त्रिकोण मोजून कोणी प्रमेय सिद्ध करीत नाहीं. उपपत्ति द्यावी लागते. तशी आज्ञावलीचीहि द्यावी, हें ठीक. परंतु ती इतकी लांबलचक होते कीं, माणूस तींत चुकणारच. मग ती यंत्राकडून तपासावी. पण तपासणारें यंत्रच चुकलें तर?

अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें १९७२ सालीं मिल्नर यांनीं एल्. सी. एफ्. नांवाचा तपासनीस तयार केला. डेना स्कॉट यांचें तर्कशास्त्र त्याच्या मुळाशीं होतें. तो उपपत्तीची प्रत्येक पायरी सांठवून ठेवी, आणि त्यामुळें यंत्राची स्मृति भरून जाई. शिवाय त्याला नवी युक्ति शिकविण्याची सोय नव्हती.

एडिंबरोस १९७३ सालीं आल्यावर त्यांनीं सहकाऱ्यांसह जो तोडगा काढला, तो टांकसाळीसारखा आहे. रुपया कसा घडला याचा इतिहास कोणी जवळ बाळगीत नाहीं, छाप पुरते. त्याचप्रमाणें 'प्रमेय' ही वस्तूंची एक स्वतंत्र जात ठरवून, ती घडविण्याचा अधिकार अनुमानाच्या मोजक्या नियमांनाच ठेवला. बाकी कोणीं कसलीहि युक्ति लढविली, तरी नियमांच्या हातून गेल्यावांचून प्रमेय निपजत नाहीं. पायऱ्या सांठविण्याचें कारणच उरलें नाहीं.

हा बंदोबस्त पाळणारी भाषा हवी होती, म्हणून एम्. एल्. ही नवी भाषा रचली गेली. लिहिणाऱ्यानें जाती न सांगतांहि ती त्या स्वतः ओळखून काढी. या रीतीचें विवेचन मिल्नर यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. चाकरीसाठीं जन्मलेली ही भाषा पुढें स्वतंत्र संसार थाटून बसली. मिल्नर यांना १९९१ चें टुरिंग पारितोषिक मिळालें. २० मार्च २०१० रोजीं ते निवर्तले.

इंटेलच्या पेंटियम यंत्रांत भागाकाराची चूक १९९४ सालीं उघडकीस आली व कंपनीस ४७.५ कोटि डॉलरांची खोट बसली. पुढें त्याच कंपनींत जॉन हॅरिसन यांनीं भागाकार, वर्गमूळ इत्यादि क्रियांच्या उपपत्ति 'हॉल लाइट' या साधनानें तपासल्या. तें साधन एल्. सी. एफ्.च्याच वंशांतील, आणि एम्. एल्.च्या कुळांतील भाषेंत लिहिलेलें. त्याची टांकसाळ सुमारें ४०० ओळींची आहे. तेवढ्या ओळी मात्र माणसानें स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावयाच्या.