सात वर्षांची उमेदवारी आणि एक झिजलेला व्हाइस

वसंतातल्या या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना इतिहास म्हटला की गडकोट, तह आणि लढाया आठवाव्यात, हे स्वाभाविकच आहे. आज मात्र आम्ही त्यांना कारखान्यातल्या एका खोलीच्या दाराशी नेणार आहोत. या खोलीला टूलरूम म्हणतात. कारखान्याच्या इतर भागांत माल तयार होतो. तो माल ज्या साच्यांनी, मापांनी आणि हत्यारांनी तयार व्हायचा, ती येथे घडतात. म्हणून कारखान्यातले सर्वांत निवडक कारागीर बहुधा येथेच आढळतात आणि नव्या मुलाला येथला प्रवेश सहजी मिळत नाही.

प्रवेश मिळाला, तरी पहिल्या दिवशी त्याच्या हाती यंत्र देत नाहीत. लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा व्हाइसच्या जबड्यात आवळून देतात, हाती कानस देतात आणि याची एक बाजू सपाट कर म्हणून सांगतात. तासाभराने मुलाला वाटते, झाले. मग उस्ताद त्या बाजूवर गुण्याची पाती टेकवतो आणि ठोकळा उजेडासमोर धरतो. पातीखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ठोकळा पुन्हा व्हाइसमध्ये जातो. असे कित्येक दिवस चालते. हात कानशीबरोबर वरखाली झुलतात, म्हणून ठोकळ्याच्या कडा अधिक घासल्या जातात व मध्यभागी फुगवटा राहतो. तो फुगवटा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. आणि नेमका तोच काढायचा असतो.

अशा मुलाला आपल्या भाषेत ‘उमेदवार’ म्हणतात. निवडणुकांच्या धामधुमीत या शब्दाचा हा अर्थ थोडा मागे पडला आहे; पण कचेरीत किंवा कारखान्यात अमक्याने दोन वर्षे उमेदवारी केली असे वडीलधारी माणसे सांगत, तेव्हा त्यात आशेवर काढलेले, बिनपगारी किंवा अर्धपगारी दिवस अभिप्रेत असत. इंग्रजांच्या देशात याच गोष्टीला आशेचा नव्हे, कराराचा आधार होता. १५६३ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, पार्लमेंटाने कायदा केला की, सात वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढल्यावाचून कोणीही कारागिरीचा धंदा करू नये. पुढे न्यायालयांनी असा अर्थ लावला की, १५६३ साली जे धंदे अस्तित्वात होते त्यांनाच हा नियम लागू. त्यातून निघालेली गंमत अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात नोंदली आहे: बग्गी बनविणाऱ्याला स्वतःच्या बग्गीची चाके करण्याची मुभा नाही, कारण चाके करणे हा जुना धंदा, पण चाके करणाऱ्याने खुशाल बग्गी करावी, कारण १५६३ साली बग्गीचा धंदाच इंग्लंडात नव्हता!

हा उमेदवारीचा नियम १८१४ साली रद्द झाला. पण सात वर्षांचा आकडा त्यानंतर समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. १८५० च्या १९ व्या कायद्यान्वये हिंदुस्थानात दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला त्याचा बाप किंवा पालक जास्तीत जास्त सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून बांधून देऊ शकत असे. विलायतेत मोडीत निघालेला आकडा येथे सरकारी कागदावर पुढे शतकभर राहिला. त्याची जागा १९६१ च्या उमेदवारी कायद्याने घेतली.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. हेन्री मॉडस्लेचा जन्म १७७१ साली लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. बाराव्या वर्षी तो तेथील सरकारी शस्त्रागारात काडतुसांत दारू भरण्याच्या कामाला लागला. दोन वर्षांनी सुतारशाळेत, मग लोहारशाळेत. तेथे त्याचा हात असा बसला की, त्याचे नाव लंडनपर्यंत गेले. त्या वेळी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कारखानदार कुलपे करीत होता. १७८४ साली त्याने ज्या कुलपाचा मक्ता घेतला, ते तत्त्वतः उत्कृष्ट होते. पण त्याचे बारीक भाग हवे तसे नेमके करणारे हात मिळेनात. त्याने मॉडस्लेला बोलावले. समोर उभा राहिला तो अठरा वर्षांचा मुलगा!

ब्रामाला मुलगा पसंत पडला, पण अडचण निघाली. याने सात वर्षांची उमेदवारी रीतसर कोठेच केलेली नाही. मग कारखान्यातले पक्के कारागीर याला आपल्या ओळीत कसे उभे राहू देणार? या पुढची हकीकत मॉडस्लेच्या शिष्यांकडून आली आहे. तेथे एका बाकाला झिजून निकामी झालेला व्हाइस होता. त्याकडे बोट दाखवून मॉडस्ले म्हणाला की, संध्याकाळी सहाच्या आत हा नव्यासारखा करून दिला, तर तुमच्या फोरमनचे समाधान होईल काय? अंगरखा काढून तो कामाला लागला. जबड्यांना नवे पोलाद जोडले, ते कानशीने घासून जुळवले, त्यावर दाते पाडले, पाणी देऊन कडक केले. सहा वाजण्यापूर्वी व्हाइस तयार होता. तो पाहिल्यावर सात वर्षांचा प्रश्न कोणी काढला नाही.

ही गोष्ट सांगणाऱ्यांनी ती थोडी रंगवली असेल. आमच्या दृष्टीने महत्त्व वेगळ्याच गोष्टीचे आहे. त्या दिवशी मॉडस्लेने कागदाऐवजी काम पुढे केले, आणि ते तपासण्याइतकी नजर समोरच्या माणसांपाशी होती. अशी नजर नसती, तर व्हाइस दुरुस्त होऊनही मुलगा वुलिचला परत गेला असता.

आठ वर्षांनी, १७९७ साली, आठवड्याचे तीस शिलिंग पगारात भागेना म्हणून त्याने वाढ मागितली. ब्रामाने नकार दिला, आणि मॉडस्लेने स्वतःचा लहानसा कारखाना काढला. (ब्रामाने वाचवलेले शिलिंग त्याला किती महाग पडले, याचा हिशेब कोणी केलेला नाही.) येथे त्याने जे केले ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. त्या काळी मळसूत्राचे आटे बव्हंशी हाताच्या अंदाजाने पाडीत. प्रत्येक बोल्ट आपल्याच नटाशी जुळे, दुसऱ्याशी जुळत नसे. यंत्र खोलताना जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागत, आणि खुणा चुकल्या की सगळाच घोळ. मॉडस्लेने लेथमध्ये हत्यार हातात न धरता एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसवले आणि ती बैठक एका अचूक मळसूत्राने पुढे सरकेल अशी योजना केली. दातेरी चाके बदलली की हव्या त्या अंतराचे आटे पडत. हे सर्व घटक सुटेसुटे इतरांनाही सुचले होते. ते एकत्र आणून रोजच्या कामाला पुरतील इतके भक्कम केले ते याने. पुढे त्याने एक मळसूत्र केले: लांबी पाच फूट, व्यास दोन इंच, आणि दर इंचाला पन्नास आटे. त्यावर फिरणारा नटच बारा इंच लांबीचा, म्हणजे त्यात सहाशे आटे!

त्याच्या कारखान्यातल्या बाकांवर अचूक सपाट केलेले लोखंडी पाट ठेवलेले असत. कारागिराने आपले काम त्या पाटावर घासून पाहावे, चूक कोठे आहे ते त्याचे त्यालाच कळावे. हा सपाटपणा मुळात आणावयाचा कसा? दोन पाट एकमेकांवर घासून जुळवले, तर एक किंचित फुगीर व दुसरा किंचित खोलगट होऊनही ते बरोबर जुळतात. पण तीन पाट घेऊन प्रत्येकाची उरलेल्या दोघांशी जुळणी केली, तर ही फसवणूक टिकत नाही. तिघेही सपाट झाल्याखेरीज तिन्ही जोड्या जुळत नाहीत. या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढे या विषयावर निबंध वाचला. आजच्या टूलरूममधल्या सरफेस प्लेटचे कूळ असे येथवर येते.

हा कारखाना १८१० साली लॅम्बेथला गेला, आणि तेथे शिकावयास मिळावे म्हणून मुलांची रीघ लागली. श्रीमंत बाप मोठी फी भरून मुलाला उमेदवार म्हणून ठेवू पाहत. मॉडस्लेने असे काही उमेदवार ठेवलेही, आणि तो कंटाळला. ही मुले उशिरा येत, इतरांच्या कामात व्यत्यय आणीत. अखेरीस, यापुढे फी घेऊन कोणालाही शिकवायचे नाही, असे त्याने ठरवले.

दार असे बंद झाल्यावर १८२९ साली एडिंबरोहून एक वीस वर्षांचा मुलगा वडिलांसह तेथे आला. त्याचे नाव जेम्स नॅस्मिथ. वडील अलेक्झांडर नॅस्मिथ हे स्कॉटलंडचे नामांकित चित्रकार; पण लॅम्बेथच्या फीइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. मॉडस्लेने नकार सांगितला, मात्र पाहुण्यांना कारखाना फिरवून दाखवला. एका ठिकाणी भट्टीखालची राख काढणारा मजूर दिसला, तेव्हा मुलगा म्हणाला की, येथे हे काम मिळाले तरी मी धन्य समजेन. मॉडस्लेने त्याच्याकडे वळून पाहिले. मग मुलाने आपण केलेल्या वाफेच्या इंजिनाचा नमुना आणि आपली रेखाचित्रे त्याच्यापुढे ठेवली. एडिंबरोत निजावयाच्या खोलीत रात्री पितळ ओतून तो अशी कामे करीत असे. मॉडस्लेने ती एकट्याने बारकाईने पाहिली, आणि परत येऊन सांगितले की, तुला उमेदवारी करण्याची गरज नाही; माझ्या खासगी कामशाळेत माझा मदतनीस म्हणून ये.

झिजलेल्या व्हाइसचा न्याय चाळीस वर्षांनी त्याने दुसऱ्याला दिला, असे म्हणावयास हरकत नाही. पण रेखाचित्रांचा वाटाही विसरू नये. चित्रकाराच्या घरात वाढल्यामुळे नॅस्मिथचा हात जसा धातूवर, तसा कागदावरही चालत होता. येथे आम्हांला आपल्याकडील लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. तेही चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंगांची पारख नीट होत नाही असे कळल्यावर त्यांनी यांत्रिक आरेखन धरले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारणाऱ्या या माणसाने यंत्र प्रथम पाहिले ते कागदावरच्या रेघांत.

नॅस्मिथला आठवड्याला दहा शिलिंग ठरले. वडिलांवर आणखी भार घालायचा नाही, असा त्याचा निश्चय होता. खाणावळ परवडेना, म्हणून त्याने दिव्याच्या ज्योतीवर चालणारी एक लहानशी चूल स्वतः तयार केली. सकाळी भांड्यात मांस आणि बटाटे घालून, दिवा लावून तो कामाला जाई. परत येईपर्यंत जेवण शिजलेले असे. शिकाऊ मुलाच्या अर्धपोटी दिवसांच्या पुष्कळ कथा आपण ऐकतो, पण पोटाच्या प्रश्नावर यंत्र काढणारा उमेदवार आमच्या वाचनात दुसरा नाही. १८३१ च्या फेब्रुवारीत मॉडस्ले वारला. त्याच वर्षी नॅस्मिथ तेथून निघाला, आणि पुढे मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथे त्याने मोठा कारखाना उभारला. १८३९ साली वाफेच्या घणाचे पहिले रेखाचित्र काढणारा तो हाच.

इथवर गोष्ट मनाजोगी आहे. आता तिची दुसरी बाजू. मॉडस्लेने मार्क ब्रुनेलच्या योजनेवरून पोर्टस्मथच्या आरमारी गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या करणारी यंत्रे बांधली. १८०८ च्या सुमारास त्या यंत्रांवर वर्षाला १,३०,००० कप्प्या होत. जेथे ११० कसबी कारागीर लागत, तेथे १० साध्या मजुरांत काम भागे. म्हणजे एका खोलीत हाताचे कसब शिगेला पोहोचत होते, आणि त्याच खोलीतून निघालेली यंत्रे दुसऱ्या खोलीतले कसब अनावश्यक ठरवीत होती. नॅस्मिथने यातून उघड निष्कर्ष काढला. सात वर्षांची उमेदवारी हे त्याच्या मते जुने जोखड होते. हुशार मजुराला यंत्रावर बसवावे, जमेल तसा वर चढवावा. १८३६ साली कारागिरांच्या संघाने, उमेदवारी न केलेल्यांना कामावर ठेवू नका म्हणून संप केला, तेव्हा त्याने स्कॉटलंडहून माणसे आणली. १८५२ साली इंजिनिअरिंग कारागिरांच्या नव्या संघाशी मालकांचा मोठा झगडा झाला, मालकांनी कारखाने बंद केले, आणि संघ सोडल्याच्या कागदावर सही केल्याखेरीज कोणाला आत घेतले नाही.

नॅस्मिथच्या आत्मचरित्रात हे प्रकरण स्वातंत्र्याचा विजय म्हणून येते. आम्हांला ते तसे वाटत नाही. सात वर्षांचा नियम कारागिराच्या भाकरीचे कुंपण होता, आणि कुंपणाआडून नव्या माणसाला अडवणेही चाले, हे मॉडस्लेच्या गोष्टीतच दिसते. पण त्या कराराने मालकावर एक बंधन होते: मुलाला पुरते शिकवण्याचे. यंत्रावर बसवलेल्या मजुराला पुरते शिकवण्याचे बंधन कोणावरच नव्हते. त्याला एक दांडा ओढता आला की भागत होते, आणि वयात आल्यावर त्याच्या जागी कमी पगाराचा दुसरा मुलगा बसवता येत होता. नॅस्मिथला मॉडस्लेने स्वतःच्या बाजूला उभे करून शिकवले होते. पॅट्रिक्रॉफ्टच्या शेकडो माणसांना असा शेजार कोठून मिळणार? आजही उमेदवार म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर मालाच्या रांगेवर एकच काम करावयास लावतात, तेव्हा हाच प्रश्न उभा असतो. विद्यावेतनाचा आकडा कितीही वाढला तरी त्याने तो सुटत नाही.

कसब नाहीसे मात्र झाले नाही. ते मालाच्या दालनांतून मागे सरले आणि टूलरूममध्ये एकवटले. साधा मजूर यंत्रावर नेमका माल काढू शकतो, त्याचे कारण त्याच्या यंत्रातला साचा व हातातले माप दुसऱ्या कोणी तरी नेमके केलेले असते. ती माणसे कोठून आणावयाची, हा पेच व्हिटवर्थला उतारवयात जाणवला असावा. १८६८ साली त्याने दरसाल तीन हजार पौंडांची कायम तरतूद करून, प्रत्येकी शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या ठेवल्या. त्यासाठी येणाऱ्या तरुणाला गणित व यंत्रशास्त्राचे प्रश्न सोडवावे लागत, आणि हत्यारे हातात घेऊन कामही करून दाखवावे लागे.