न्यायमूर्ति रानडे : हायकोर्टापूर्वींचीं २२ वर्षें
‘न्यायमूर्ति’ हा शब्द रानड्यांच्या नांवास इतका चिकटला आहे कीं, हायकोर्टांत ते अवघीं सात वर्षें होते याचें विस्मरण पडतें. १८७१ सालीं ते पुण्यास सबजज्ज झाले. १८७९ सालीं फडक्यांच्या बंडाच्या धामधुमींत त्यांची धुळ्यास बदली झाली. त्यांच्या टपालावरही नजर होती म्हणतात.

परंतु दिवाणी न्यायाचा कस अपिलांत नव्हे, पहिल्या कोर्टांत लागतो. १८७५ सालीं सुप्याहून सुरू झालेल्या दंग्यांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यांतून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा निघाला. खतावर अंगठा आहे एवढ्यावरच हुकूमनामा देणें आतां पुरेना. मूळ मुद्दल किती, व्याज किती चढलें, हें जज्जानें वह्या उलगडून पाहावयाचें. स्पेशल जज्ज या नात्यानें रानडे जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले व दुय्यम न्यायाधीशांचे निवाडे तपासूं लागले. कायद्याचा मुख्य भाग पुणें, सातारा, सोलापूर व नगर एवढ्यांपुरताच. वऱ्हाडांतील वाशीमच्या कास्तकारास तें छत्र नव्हतें, सावकार मात्र होता!

१८९३ सालीं न्यायमूर्ति तेलंग वारले. त्यांची जागा रानड्यांना मिळाली, तेव्हां ते ५१ वर्षांचे होते.