नाताळच्या बिस्किटातली मिरी



मिस्सासाठी लागणारे होस्ट कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर करतात ते आपण पाहिले आहे. गव्हाचे पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. साच्यात पातळ पापुद्रा भाजून निघतो, त्यातून गोल चकत्या कापल्या की उरते ती कातरण. लहानपणी ही कातरण मागायला कॉन्व्हेंटच्या मागच्या दाराशी उभे राहिलेले आपल्यापैकी बरेच जण असतील. तिला चव अशी काही नसते. पण जिभेवर ठेवली की विरघळते, आणि मूठभर मिळाली तरी त्या दिवशी आपल्यासारखे श्रीमंत कोणी नाही असे वाटते.

हे आठवायचे कारण एक बिस्किट आहे. जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरात नाताळसाठी लेबकुखेन नावाचे मसाल्याचे बिस्किट करतात. जाड, गोल, तपकिरी, खाताना मऊ. ते उलटे करून पाहिले तर बुडाला पांढरा, कागदासारखा पातळ थर दिसतो. तो कागद नव्हे. तो होस्टसारखाच पीठ-पाण्याचा पापुद्रा आहे आणि बिस्किटाबरोबरच खायचा असतो. त्याला तिकडे ओब्लाटे म्हणतात, आणि चर्चमधल्या होस्टलाही तेच नाव आहे.

परंपरा सांगते की ही युक्ती मठवासीयांची. मधात मळलेले पीठ पत्र्याला असे चिकटते की खरवडून काढावे लागते. मठात होस्ट भाजण्याचे साचे होतेच. तेव्हा पीठाचा गोळा न अभिमंत्रिलेल्या पापुद्र्यावर ठेवून भाजला की काम सोपे. इथे कोणी दचकू नये. वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद वेगळा आणि भट्टीतला पापुद्रा वेगळा, हे त्या मठवासीयांना आपल्याइतकेच कळत होते. निर्गमच्या १६व्या अध्यायात अरण्यातल्या मान्न्याची चव मध घातलेल्या पातळ पोळीसारखी होती असे सांगितले आहे. लेबकुखेन हातात घेतले की ते वचन समजावून सांगावे लागत नाही.

मध तिथे मुबलक होता. शहराभोवती सम्राटाचे मोठे जंगल होते आणि त्यात मधमाश्या पाळणाऱ्यांची वंशपरंपरेने काम करणारी जमात होती. झाडाच्या खोडात उंचावर पोकळी कोरून ते पोळी सांभाळत. १३५० साली सम्राट चौथ्या चार्ल्सने त्यांचे हक्क लेखी मान्य केले. चर्चला मेणबत्त्यांसाठी मेण लागे. मेण काढले की मध हाती येतोच. साखर त्या काळी परदेशी आणि महाग होती, म्हणून गोड म्हणजे मध.

दुसरी गोष्ट उपवासाची. आगमनकाळ हा तेव्हा कडक उपवासाचा काळ होता आणि लोणी वर्ज्य होते. ड्रेस्डेनकडच्या लोकांना नाताळच्या पावात लोणी घालायची परवानगी मिळाली ती १४९१ साली, तीसुद्धा पोप आठवे इनोसंट यांच्या पत्राने! मध, पीठ आणि मसाला एवढ्यावर होणाऱ्या लेबकुखेनला अशा परवानगीची गरज नव्हती. आज आपण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून गोडधोड चाखतो. मुळात हे गोड उपवासातले आहे.

न्युरेंबर्गमध्ये लेबकुखेनचा उल्लेख १३९५ पासून सापडतो, आणि १६४३ मध्ये ते करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. १४८७ साली सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने शहरातल्या मुलांना बोलावून आपला चेहरा उमटवलेले लेबकुखेन वाटल्याची गोष्ट तिथे आवडीने सांगतात. उत्तम प्रतीच्या लेबकुखेनला एलिझन म्हणतात. त्यात निदान चौथा हिस्सा सुकामेवा हवा आणि पीठ दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्याकडे बेकरीत नानकटाई फुगवायला अमोनिया घालतात ना, तसाच तिकडेही घालायची रीत आहे. जुन्या काळी तो हरणाच्या शिंगांपासून काढीत. मधाचे पीठ मळून लगेच भाजत नाहीत, काही दिवस, कधी काही आठवडे, मुरू देतात.

आता मसाल्याकडे येऊ, कारण आमच्या मनात घोळते आहे ते हेच. लेबकुखेनचे एक जुने नाव फेफरकुखेन, म्हणजे मिऱ्याचा केक. तिथे परदेशी मसाल्याला सरसकट मिरी म्हणत. आत काय असते? दालचिनी, लवंग, वेलची, सुंठ, जायफळ, धने, बडीशेपेच्या जातीचे दाणे. ही यादी जर्मन स्वयंपाकघराची वाटते का? करंजीच्या सारणात घालायची वेलची आणि जायफळ त्यात आहे, पुलावाच्या फोडणीतली दालचिनी-लवंगही आहे. युरोपला नाताळचा वास म्हणून जो ठाऊक आहे, तो निम्म्याहून अधिक मलबार, श्रीलंका आणि त्यापलीकडच्या बेटांचा वास आहे.

हा माल तिथवर जायचा कसा? कालिकतहून अरबी गलबतांनी तांबड्या समुद्रात, तिथून कैरो आणि अलेक्झांड्रिया, मग व्हेनिस. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांसाठी कालव्याकाठी खास वखार होती. तिथून खेचरांच्या पाठीवर आल्प्स ओलांडून न्युरेंबर्ग. वाटेत प्रत्येक हात आपला वाटा काढून घेई. मसाला इतका मोलाचा की भेसळ तपासायला शहराचे निरीक्षक असत. १४४४ साली केशरात भेसळ करणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्या केशरासकट जाळले.

त्या शहरात सेंट लॉरेन्सचे भव्य चर्च आहे. तिथे ख्रिस्तप्रसाद ठेवण्यासाठी दगडात कोरलेला एक मनोरा आहे, जवळजवळ २० मीटर उंच, वर छतापाशी वाकलेला. १४९३ ते १४९६ या काळात आडाम क्राफ्ट या शिल्पकाराने तो घडवला. त्याने तळाशी स्वतःलाच कोरले आहे, हातात हातोडी, गुडघ्यावर बसलेला, सगळा भार पाठीवर घेतलेला. पुढे १५२५ मध्ये शहर ल्यूथरपंथी झाले, तरी हे काम त्यांनी मोडले नाही. त्याचा खर्च हान्स इमहोफ यांनी उचलला, आणि इमहोफ घराणे मसाल्याच्या व्यापारातले होते. म्हणजे एकाच शहरात होस्टचा पापुद्रा मिऱ्याच्या बिस्किटाखाली, आणि मिऱ्याच्या पैशातून उभारलेल्या मनोऱ्यात प्रभूचा देह. आम्हांला या जोडीचे कौतुकच वाटले होते, पुढचे वाचेपर्यंत.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि मिऱ्याची वाट बदलली. १५०५ साली पोर्तुगालच्या राजाने फ्रान्सिस्को द आल्मेदा याला व्हाइसरॉय नेमून मोठे आरमार हिंदुस्थानकडे पाठवले. त्यात तीन जहाजे जर्मन आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या भांडवलावर होती. जर्मनांनी एकूण ३६,००० क्रुझादो घातले. आउग्सबुर्गच्या वेल्झर घराण्याचे त्यात २०,०००, फुगरांचे ४,०००. न्युरेंबर्गच्या इमहोफांचे ३,००० आणि हिर्शफोगेलांचे २,०००. होय, तेच इमहोफ घराणे. जहाजांची नावे संतांची: राफाएल, जेरोम, लिओनार्ड. लिस्बन सोडण्याचा दिवस २५ मार्च, म्हणजे गब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला त्या सणाचा. तिथून बरोबर नऊ महिन्यांवर नाताळ.

लिओनार्ड जहाजावर बाल्थाझार श्प्रेंगर नावाचा एक जर्मन होता. त्याने परतल्यावर प्रवासाचा वृत्तांत छापला, म्हणून हे जर्मनीत वाचायला मिळाले. या आरमाराने जुलैत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे किल्वा लुटले. ऑगस्टमध्ये मोंबासा लुटले आणि जाळले. सप्टेंबरात ते अंजदीव बेटावर थांबले आणि तिथे किल्ला बांधू लागले. अंजदीव म्हणजे कारवारसमोरचे, आज गोव्यात मोडणारे, नौदलाच्या ताब्यातले बेट. बेळगावहून किंवा मडगावहून कारवारच्या किनाऱ्यावर गेलेल्या आपल्या कुटुंबांनी ते समोर पाहिले असेल. पुढे होनावरला त्यांनी जहाजे जाळली. मग कन्नूर, मग कोची, आणि तिथे मिरी भरून घेतली. जहाजे १५०६ मध्ये लिस्बनला परतली. राजाशी मिऱ्यावरून तंटे झाले, तरी व्यापाऱ्यांना शेवटी घसघशीत नफा झाला.

त्यातली काही मिरी न्युरेंबर्गच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचली नसेल असे मानणे आम्हांला जड जाते.

मोंबासाची ती घरे जळत होती तेव्हा जहाजांवर धर्मगुरू होते, मिस्सा होत होता, होस्ट होते. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहायला हवे. गोव्यातल्या आणि किनाऱ्यावरच्या आपल्या अनेक घराण्यांना सुवार्ता ज्या जहाजांच्या मागोमाग मिळाली, ती जहाजे ही आहेत. सुवार्ता आम्ही परत करणार नाही. पण जहाजांनी काय केले ते विसरून फक्त वास तेवढा घ्यायचा, हेही जमत नाही. पुढे डच आले. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी त्यांनी बांदा बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती संपवली. मारले, उपाशी ठेवले, गुलाम करून नेले. आणि डच लोक संत निकोलसच्या सणाला जे मसाल्याचे बिस्किट करतात, त्यात जायफळ असतेच.

प्रकटीकरणाच्या १८व्या अध्यायात बाबेल नगरी पडते आणि तिचे व्यापारी रडतात, आता आमचा माल कोण घेणार म्हणून. त्या मालाची यादी योहानाने दिली आहे. सोने, रुपे, रत्ने येतात, तलम वस्त्रे येतात. मग दालचिनी आणि सुगंधी मसाले येतात. मग द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, घोडे. आणि अगदी शेवटी, जणू आणखी एक जिन्नस, माणसांचे देह आणि जीव. आम्ही ही यादी अनेकदा वाचली होती. दालचिनी आणि माणसे एकाच यादीत आहेत हे या वर्षी पहिल्यांदा दिसले.

काहींनी विचारले, मग हे बिस्किट करूच नये का? आमच्यात यावर बराच वाद झाला. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या की मिरी वेलीवर देवाने लावली, व्हाइसरॉयने नव्हे, आणि मधमाशीने कोणाला लुटलेले नाही. त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. मागींनी आणलेला धूप आणि गंधरसही व्यापाराच्या वाटांनीच फिरणारा माल होता, आणि मरियेने तो नाकारला असे मत्तय सांगत नाही.

तेव्हा करायचे ठरले. पीठ गेल्या आठवड्यातच मळून डब्यात मुरायला ठेवले आहे. अर्धा किलो मध, तेवढाच गव्हाचा आटा, वाटलेले बदाम, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, आणि मसाल्यात मिरी थोडी जास्तच. मसाला कॉन्व्हेंटच्या पाट्यावर वाटला, मिक्सरमध्ये त्याचा भुगा होतो पण वास उतरत नाही. सिस्टरांनी होस्टच्या पापुद्र्याचे अखंड पत्रे द्यायचे कबूल केले आहे, कातरण मुलांसाठी राखून ठेवली आहे.

शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये भाजायला बसू. ओव्हन एकच आहे, एका वेळी दोनच ताटे मावतात, त्यामुळे मधे वेळ भरपूर मिळेल. पहिले ताट आत गेले की किल्वा, मोंबासा आणि बांदा इथल्या मृतांसाठी एक रोझरी म्हणायची आहे, आणि प्रकटीकरणाचा १८वा अध्याय तरुण मंडळी वाचणार आहेत. येणाऱ्यांनी घरून एक झाकणाचा डबा आणावा. बिस्किटे गार झाली की कडक लागतात, काही दिवस डब्यात राहिली की मऊ होतात.